काशीतून बोरिवलीला

मुलुंड ते बोरिवली हे अंतर बिबट्याला पाऊण तासाचं आहे. मधलं जंगल ओलांडलं की झालं त्याचं. माणसाला मात्र आधी विक्रोळीपर्यंत खाली उतरायचं, मग लिंक रोडने पश्चिमेला जायचं आणि पुन्हा तेवढंच वर चढायचं. रिक्षाने दीड तास, गणपतीत अडीच. आम्हाला तीन दिवस लागले. शुक्रवारी सकाळी निघालो ते रविवारी बाराच्या आत पोचलो. एवढ्या वेळात लोक अमेरिकेला जाऊन, तिथल्या मॉलमध्ये फोटो काढून परत येतात. पण अमेरिकेला जाऊन आलेले आमच्या एका बिल्डिंगमध्येच चौदा जण आहेत. काशीतून बोरिवलीला गेलेली माणसं अख्ख्या मुंबईत दोनच, आणि त्यातल्या वहिनी काही लिहिणाऱ्या नव्हेत. तेव्हा मलाच बसावं लागतंय.

काशी म्हणजे दादाची गाडी. दादा माझा थोरला भाऊ, विक्रोळीच्या कारखान्यात टूलरूमला फिटर. चौतीस वर्षांपूर्वी त्याने ही गाडी जुनीच विकत आणली, दारात उभी केली आणि जाहीर केलं, "आपल्या नशिबात काशीला जाणं काही दिसत नाही, म्हणून काशीच घरी आणली." तेव्हा ती साईच्या रंगाची होती. आता तिला रंग आहे असं शपथेवर सांगता येणार नाही. दरवाजा लावला की आवाज मात्र असा येतो, की ठाण्याची कबुतरं उडतात.

दादा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी जेवण झाल्यावर मी काशी चालू करायचो आणि कंपाउंडमध्ये दोन फेऱ्या मारायचो. अर्ध्या किल्लीत चालू व्हायची. त्यामुळे तिची तब्येत पैलवानाची आहे अशा समजुतीत मी होतो. काशीला मी कधी सकाळी भेटलोच नव्हतो, हे लक्षात आलं नाही.

आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. वहिनींची मुलगी चारू बोरिवलीला असते. तिने आईसाठी खोली रिकामी केली. नात मिनू आठ वर्षांची, तिने तर आपलं अर्धं कपाट आजीला देऊन टाकलं. वहिनी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी त्यांनी अट घातली. "काशी स्वतःच्या चाकांवर बोरिवलीला पोचली, तर तिच्याबरोबर मी येईन. टोइंगवर न्यावी लागली, तर ती जाऊ दे भंगारात आणि मी मुलुंडलाच भाड्याने खोली घेते." आणि वर मुदत. रविवारी बाराला अमावस्या लागत होती, तिच्यामागून पौष. "पौषात मी पाण्याचा माठसुद्धा जागचा हलवत नाही," वहिनी म्हणाल्या.

चारूने मला फोन केला. "काका, तू आणशील ना तिला?"

"गाडीला की आईला?"

"काका!"

"आणतो गं. मी म्हणजे काय साधा ड्रायव्हर आहे?"

मी साधाही ड्रायव्हर नाही, हे तिला माहीत आहे. मी सडाफटिंग माणूस. वहिनींच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि चार वाजताचा चहा गेली चाळीस वर्षं त्यांच्याकडे घेतो. नवी बिल्डिंग होईपर्यंत मी मुलुंडलाच भाड्याने राहणार होतो. बोरिवलीला चार वाजता चहाला कसं जायचं, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. विचारण्यासारखा तो नव्हताच.

शुक्रवार. मुलुंड

आमच्याकडे थंडी अंशात मोजत नाहीत, खोबरेलाच्या बाटलीवर मोजतात. तेल तळाशी पांढरं झालं की स्वेटर, अर्ध्यापर्यंत गोठलं की कानटोपी. त्या सकाळी बाटली उलटी धरली तरी थेंब पडेना. मोबाइल पंधरा अंश सांगत होता, पण मोबाइल पडला चिनी, त्याला मुलुंडच्या थंडीतलं काय कळतं? जंगलावरून वारा असा येत होता, की वॉचमनने माकडटोपीच्या वर दुसरी माकडटोपी घातली होती आणि गेट उघडायला तो डोळ्यांनी खुणा करत होता.

काशी उन्हात तापली की उकळते, म्हणून दहाच्या आत बोरिवली गाठायची असा माझा बेत होता. वहिनी सातलाच येऊन बसल्या. तपकिरी स्वेटर, मांडीवर पिशवी. ही पिशवी म्हणजे खाकी कॅनव्हासची, कारखान्याच्या कॉलनीतल्या बालवाडीत त्या शिकवायच्या तेव्हाची. डॅशबोर्डखाली डाव्या हाताला एक पितळी आकडा आहे, त्याला ती रोज टांगलेली असायची. आज आत दादाचा फोटो होता. दादाला आकड्याला कसं टांगायचं, म्हणून मीही काही म्हटलं नाही.

किल्ली फिरवली. काशी "खुर्र, खुर्र, खुर्र" अशी घोरली आणि कुशीवर वळून झोपली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

बंद गाडी आणि उघडं बॉनेट दिसलं की मुलुंडमध्ये माणसं जमिनीतून उगवतात. पाच मिनिटांत वीस सल्लागार जमले. एक म्हणाला बॅटरी. बॅटरी मी गेल्याच महिन्यात नवी घातली होती. दुसरा म्हणाला टर्मिनलवर पांढरं आलंय, गरम पाणी टाका. टाकलं. तिसऱ्याने काशीच्या नावाने नारळ फोडायला सांगितला. मेहताभाई पहिल्या मजल्यावरून शाल गुंडाळूनच ओरडले, "बाळाभाई, प्लग काढून तव्यावर गरम करा नी! पोरबंदरला माझे काका असंच करायचे!"

"पोरबंदरला थंडी पडते?"

"काका भित्रे होते!"

प्लग काढले. वर वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन तव्यावर चार प्लग ओळीने मांडले, चिमट्याने उलटेपालटे केले आणि फडक्यात गुंडाळून धावत खाली आणले. तव्याला त्या दिवसापासून पेट्रोलचा वास आहे. काशी एकदा खोकली. वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. काशीने तेवढ्यावरच कार्यक्रम संपवला.

दादा असता तर एव्हाना म्हणाला असता, "अगं, तू बसल्याशिवाय ही चालू होत नाही." आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट लग्नामुंजीत सांगतात. थंडीच्या दिवसांत दादा एकटा किल्ली फिरवत बसलेला असायचा, काशी नुसती घोरायची. मग वहिनी जिना उतरून यायच्या, शेजारी बसायच्या, पिशवी टांगायच्या, आणि एका हाकेत काशी जागी. गॅलरीत उभ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. कित्येक घरांत त्यावरून भांडणं झालीत.

"पण वहिनी तर बसल्यात की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"दादा कुठे आहेत पण," मेहताभाभी हळूच म्हणाल्या.

वीस जण गप्प झाले. मुलुंडमध्ये असं होत नाही. वहिनींनी पिशवीवरून हात फिरवला आणि समोरच्या काचेतून बघत बसल्या.

साडेअकराला ऊन बॉनेटवर आलं. मी निव्वळ चाळा म्हणून किल्ली फिरवली आणि काशी अशी गुरगुरली, जणू सकाळपासून तिला कुणी विचारलंच नव्हतं. वीसच्या वीस सल्लागारांनी आपापल्या उपायाला श्रेय दिलं आणि आम्ही निघालो.

म्हणजे हे असं होतं. ही बाई सकाळी गोठते आणि दुपारी उकळते. मधे साडेअकरा ते साडेबारा एवढीच तिची कचेरीची वेळ. त्या तासात जितका रस्ता कापता येईल तितकाच आपला. पूर्वी लोक पालखीतून यापेक्षा वेगाने जात असतील.

भांडुपच्या सिग्नलला थांबलो तेव्हा वहिनी एकदम हसल्या.

"काय झालं?"

"इथे आलं की हे रोज म्हणायचे, पिशवी मांडीवर घे गं, सिग्नलला हात घालतात."

"कुणी घातला कधी?"

"पंचवीस वर्षांत एकदाही नाही."

कांजूरमार्गला कचऱ्याचा वास आला. पाहुण्यांना त्याचा त्रास होतो, आम्हाला घर जवळ आल्यासारखं वाटतं. काच वर करायला गेलो, तर हँडल माझ्या हातात आलं. ते वहिनींकडे दिलं, त्यांनी ते निमूटपणे पिशवीत टाकलं. विक्रोळीला पोचेपर्यंत काशीच्या नाकातून वाफ यायला लागली होती. सावंतांच्या दारात ती जी थांबली, ती मी थांबवली असं म्हणता येणार नाही.

सावंत दादाचा टूलरूमचा जोडीदार. कारखान्यामागच्या चाळीत राहतो, पंचाहत्तरीला आलाय, अजून शेजाऱ्यांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. त्याने काशीला बघितलं, बॉनेटवर म्हशीला थोपटावं तसं थोपटलं आणि म्हणाला, "ऱ्हवा आज हयसरच."

सावंतीणबाईंनी कुळथाची पिठी केली. थंडीत कुळथाची पिठी, वर तुपाची धार आणि तव्यावर भाजलेला सुका बांगडा. एक सांगतो, ती पिठी काशीत घातली असती तर ती त्याच रात्री गोव्याला जाऊन आली असती. वहिनी ओट्याशी उभ्या राहून जेवल्या. खिडकीतून समोरचा रस्ता, कारखान्याची भिंत आणि तिच्यापलीकडचं खाजण दिसत होतं. "इथून भोंगा ऐकू यायचा," त्या म्हणाल्या. 

शनिवार. विक्रोळी ते वेसावे

सकाळी सातला पुन्हा खुर्र, खुर्र. वहिनी आत सावंतीणबाईंना भाकऱ्यांना मदत करत होत्या. सावंत मफलर गुंडाळून बाहेर आला.

"बाळग्या, मेल्या, कितके सेल मारतलंस? ब्याटरी मरात."

मग त्याने डोकं डॅशबोर्डखाली घातलं. पंचाहत्तरीचा माणूस, अर्धा आत, अर्धा रस्त्यावर. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "ह्या आकड्याक काय टांगीत होतात रे?"

"वहिनींची पिशवी."

"पिशयेत काय असायचा?"

"डबा, वह्या, खडू. थंडीत नारळ पण असायचा बहुतेक. का?"

आतून हसू यायला लागलं. आधी पाय हलले, मग गाडी हलली, मग सावंत बाहेर आला तो डोळे पुसतच.

"ही वायर बघ खंय जाता ती."

मी वाकून बघितलं. आकड्याच्या वर एक तार होती. ती डॅशबोर्डच्या मागून, इंजिनाकडे गेली होती. सावंताने मला पुढे नेऊन दाखवलं. तार जिथे संपत होती तिथे एक छोटी झडप होती.

"हो चोक."

आता मुंबईकराला चोक म्हटलं की मोरी आठवते. आमच्याकडे चोक होतं ते गटार. गाडीलाही चोक असतो आणि तो ओढायचा असतो, हे मी सहासष्ट वर्षांचा होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सावंताने सांगितलं. थंड इंजिनाला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. चोक ओढला की झडप मिटते, हवा अडते, गाडी सुटते. इंजिन तापलं की तो सोडायचा, नाहीतर काळा धूर.

"नॉब तुटलो होतो," सावंत म्हणाला. "पार्ट गावना. तेव्हा तुझ्या भावान माझ्या शेजारी बसान हो आकडो घडवल्यान. पितळेचो. तार खाली सोडल्यान. मी म्हटलंय, अरे हाताने ओढ ना. तर म्हणता कसो, सावंता, बायलेक सांगा नको. तिका वाटांदे, ती बसली म्हणान गाडी सुटता."

मी तिथेच पायरीवर बसलो. वजनाने तार ओढली जायची. वहिनी बसायच्या, पिशवी टांगायच्या, चोक ओढला जायचा, काशी चालू. आणि भांडुपपर्यंत इंजिन तापलं, की 'पिशवी मांडीवर घे गं, सिग्नलला हात घालतात.' आमचा दादा! घरात दोन वाक्यं सलग न बोलणारा माणूस. बायकोला सांगायची एक गोष्ट त्याने बोलण्याऐवजी कानशीने घासून, तारेला बांधून ठेवली होती.

"बघ आता," म्हणत सावंताने तारेला हात घातला. "एका हाकेत सुटता."

"नको," मी म्हणालो.

"कित्याक?"

"ऊन येऊ दे. साडेअकराला होते आपोआप."

सावंत माझ्याकडे बघत राहिला. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, कुठे काय अर्ध्या सुताने हललंय ते त्याला दिसतं.

"तुका तिका जावक देवचा नाय, असा सांग मगे."

"वहिनींना कळलं तर वाईट वाटेल," मी म्हणालो. "इतकी वर्षं त्या समजतायत की..."

"होय, होय," सावंत म्हणाला आणि मफलर झटकून आत गेला.

साडेअकराला काशी उठली. पवईच्या चढाला उकळली. तलावाच्या काठी थांबून मी बॉनेट उघडलं, तर वाफेने समोरच्या टोलेजंग इमारतीच्या चार मजल्यांच्या काचा धुरकटल्या. आता एक निरीक्षण, नवीन प्रवाशांच्या माहितीसाठी. पूर्वेला गाडी बंद पडली तर लोक थांबून सल्ला देतात. पश्चिमेकडे सरकावं तसे लोक थांबून फोटो काढतात. तिघांनी काशीबरोबर स्वतःचे फोटो काढले. एका मुलीने विचारलं, "अंकल, शूटिंगसाठी भाड्याने देता का?" वहिनी काचेच्या आतून म्हणाल्या, "गाडी नाही देत. अंकलना न्या हवं तर."

वेसाव्याला मोतीबाईंकडे उतरलो. मोतीबाई वहिनींच्या बालवाडीतल्या जोडीदारीण. कोळीवाड्यातलं माहेर, निवृत्तीनंतर इथेच परतल्या. दोघींनी मिळून विक्रोळीच्या तीन पिढ्यांना नाक पुसायला शिकवलंय. मोतीबाईंनी दारातच वहिनींचे दंड चाचपले.

"कवरी बारीक झाली गो तू! ह्यो दीर जेवाया देत नाय काय?"

"मीच त्यांच्याकडे जेवतो," मी म्हणालो.

"मंग बरोबर."

ओले बोंबील होते. रव्यात घोळवून तळलेले. मी किती खाल्ले ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या मांजरी माझ्याकडे वैऱ्यासारख्या बघत होत्या, एवढंच सांगतो. जेवण झाल्यावर दोघी ओटीवर बसून हळूहळू बोलत होत्या. मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. डोळे मिटले की कान मोठे होतात.

"चारू चांगली हाय ना तुझी?"

"चांगली आहे गं. जावईही चांगला. मिनू तर फोनवरून खाली उतरते की काय असं वाटतं."

"मंग?"

वहिनी थांबल्या. "तिथे मला कुणी ओळखत नाही, मोती. म्हणजे चारूची आई म्हणून ओळखतील. ह्यांची बायको म्हणून ओळखणारं एकही माणूस नाही तिथे."

 मी कूस बदलली नाही.

रविवार. वेसावे ते बोरिवली

रविवारचं गणित सोपं होतं. मोतीबाईंची गल्ली पश्चिमेच्या अंगाला, समोर उंच इमारत. ऊन काशीवर पोचणार बाराच्या सुमाराला. बोरिवलीला जायला तास, आणि अमावस्या बाराला. म्हणजे मी काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं. आणि दर पाच मिनिटांनी किल्ली फिरवून चेहरा पाडायचा. चेहरा पाडण्यात मी तयार आहे.

दहाच्या सुमाराला वहिनी निघाल्या. मोतीबाईंनी ताटात तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ आणला.

"अगं, मला काय," वहिनी मागे सरल्या. "मी कशी घेऊ ओटी?"

"पदर पुढं कर."

"मोती, ह्यांना जाऊन..."

"मना सांगतं? मी भरतंय. कोन अडवतंय ते बगू." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तीन पावलं मागे गेलो. कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. वेसाव्याचा नारळ, लहान मुलाच्या डोक्याएवढा. वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरला. मग पिशवी उघडून दादाच्या फोटोशेजारी ठेवला.

गाडीत बसल्या. पिशवी मांडीवर.

मी किल्ली फिरवली. खुर्र, खुर्र. थांबलो. पुन्हा फिरवली. खुर्र. चेहरा पाडला.

"होत नाही हो वहिनी. ऊन आल्याशिवाय काही खरं नाही."

वहिनी समोर बघत होत्या. त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर लावला. पलीकडून मिनू.

"आजी, तू निघालीस?"

"बसलेय गाडीत."

"मग आवाज का येत नाही गाडीचा?"

"थंडी वाजतेय तिला."

"मग तिला सांग ना, इकडे ऊन आहे. मी खिडकीत बसलेय. मला लाल गाड्याच दिसतायत फक्त."

"काशी लाल नाही गं."

"माहितेय मला. म्हणून तर बघतेय."

फोन बंद झाला. गल्लीत कुणीतरी जाळं झटकत होतं. वहिनींनी पिशवीतून दादाचा फोटो काढला आणि माझ्याकडे दिला. "हा धरा जरा." मग पिशवीचे बंद एकत्र केले. हाताने वजन बघितलं, वाण्याकडे बघतात तसं. आणि पुढे वाकून पिशवी आकड्याला टांगली.

तार ताणल्याचा बारीक आवाज आला. मला वाटतं, तो फक्त मीच ऐकला.

"आता लावा, भावजी."

एका हाकेत. अशी गर्जली, की किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटी समुद्रात दोन हात मागे सरकल्या असतील. मोतीबाई टाळी वाजवून ओरडल्या, "बगा! बाय मनापासून बसली ना आता!"

मी फोटो मागच्या सीटवर नीट ठेवला आणि निघालो. बोललो काहीच नाही. दादाने जपलेली गोष्ट आपल्या हातून फुटायला नको. त्यांना बिचाऱ्यांना वाटतंय की नारळाचा गुण, ओटीचा पुण्यप्रभाव. वाटू दे. वाटांदे.

जोगेश्वरी गेली. गोरेगाव यायच्या आधी, सिग्नल नाही, गर्दी नाही, मोकळा रस्ता, आणि वहिनींनी हात लांब करून पिशवी आकड्यावरून काढली आणि मांडीवर घेतली. इंजिनाचा घरघर आवाज एकदम मऊ झाला.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"भांडुप कुठे आलं, वहिनी?"

"आलं," त्या म्हणाल्या. "काशीचं आलं."

मी पुढच्या ट्रकवर आदळता आदळता वाचलो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"एकदा बालवाडीला सुट्टी होती. डॉक्टरकडे जायचं होतं, मी पिशवी न घेता येऊन बसले. काशी चालू होईना. हे म्हणाले, जा, वरून पिशवी घेऊन ये. म्हटलं, रिकामी? तर म्हणाले, नारळ टाक त्यात. म्हटलं, डॉक्टरला नारळ? तर म्हणाले, येताना देवळात जाऊ." वहिनी हसल्या. "देवळात गेलोच नाही, भावजी. नारळ घरी परत आला. दुसऱ्या दिवशी त्याच नारळाची आमटी केली आणि विचार करत बसले."

"मग विचारलं नाहीत दादाला?"

"काय विचारायचं? माणूस एवढा पितळेचा आकडा घडवून आपल्याशी खोटं बोलतोय. असं खोटं कुणाच्या वाट्याला येतं? पुढे थंडी पडली की मी आपणहूनच नारळ टाकायला लागले."

"दादाच्या लक्षात आलं असेल?"

"उन्हाळ्यात हलकी पिशवी आणि थंडीत जड. फिटर होता तो माणूस." त्यांनी पदराने काच पुसली, काच स्वच्छ होती तरी. "तेही बोलले नाहीत."

पुढच्या पुलावर मी धीर केला. "मग दोन दिवस पिशवी मांडीवर का ठेवलीत?"

"आणि तुम्ही काल सावंतांना तार का ओढू दिली नाहीत?"

गोरेगाव ते मालाड ह्या टप्प्याचं वर्णन मला करता येत नाही. मी काही बघितलं नाही. सावंतांच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावरच उघडते, हे मात्र आठवलं. कांदिवलीला आल्यावर वहिनी म्हणाल्या, "चहाचं काय करणार आहात?"

"करीन कायतरी."

"साखर कमी घाला. माझ्याकडे तीन चमचे घालत होते मी तुम्हाला, तुम्हाला दीड सांगून."

अकरा वाजून वीस मिनिटांनी काशी बोरिवलीला पोचली. स्वतःच्या चाकांवर, जरा वाफाळत. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक किंकाळी आली आणि जिन्यात चपला वाजल्या. जावईबापू टेप घेऊन उभे होते. आपली गाडी त्यांनी रस्त्यावर लावली होती आणि काशीच्या जागेत चुन्याने रेघा ओढल्या होत्या. मिनूने आजीच्या कमरेला जी मिठी मारली, ती सोडवायला मला वाटलं सावंतालाच बोलवावं लागणार. चारू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "थँक यू काका, तूच करू शकत होतास." मी काय केलं होतं, ते वहिनींना आणि मला ठाऊक. वहिनींनी तोंड उघडलं नाही. आमच्या घराण्यात ही रीतच दिसते.

जेवण झालं. निघताना वहिनी खाली सोडायला आल्या. जावईबापू काशीभोवती फेरी मारत होते.

"मम्मी, हिला रोज चालू करायला लागेल ना? कशी करायची दाखवून ठेवा मला."

"तुम्हाला नाही जमायचं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या गाडीला बटण आहे. हिचं तंत्र वेगळं. भावजी येतील दर रविवारी."

"मी येईन की," मी म्हणालो. "जेवून निघतो, दोनपर्यंत..."

"दुपारी नको." वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नारळ अजून आत होता. "दुपारी काय, ती कुणाच्याही हाताने चालू होते. सकाळी या. थंडी असते तेव्हा."